बंद गेटचे टाइमकीपर

हिराजी नाना गायकर यांच्या एकसष्टीच्या गौरवग्रंथासाठी लेख मागायला संपादक मंडळी घरी आली, तेव्हा मी आधी साफ नाही म्हटलं. माझं सगळं उमेदीचं आयुष्य कापडाच्या कारखान्यात, फोल्डिंग खात्यात गेलं. टेबलावरून कापड सरकत राहायचं आणि कुठे डाग, कुठे भोक, कुठे ओढलेला धागा दिसला की तिथे खूण करायची, हे माझं काम. जिला दोष शोधण्याचाच पगार मिळत होता तिला गौरव करायला सांगायचं म्हणजे कठीणच. त्यावर संपादक म्हणाले, "दोषही लिहा, सुनंदाताई. नानांना आवडेल." नानांना ते मुळीच आवडणार नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. म्हणूनच लिहायला बसले.

नानांची आणि माझी पहिली भेट म्हणजे भांडणच. लग्न होऊन मी डोंबिवलीत आले आणि घरात दोन पगार हवेत म्हणून लगेच एमआयडीसीतल्या रंगाईच्या कारखान्यात लागले. नाना तिथे टाइमकीपर होते. गेटच्या आत डाव्या हाताला टाइम ऑफिस, त्याच्या खिडकीशी नाना. कोण आलं, कोण उशिरा आलं, सगळं त्यांच्या नजरेखालून जायचं. तेव्हा ते पस्तिशीचेही नसतील, पण नाना तेव्हाही नानाच होते. पहिल्याच सकाळी त्यांनी मला अडवलं. "ह्या बांगड्या घालून आत जायचं नाय. काचेची कड कापडात अडकते, धागा ओढला जातो." माझ्या हातात कोपरापर्यंत हिरवा चुडा. सासूबाईंनी बजावलेलं, वर्षभर काढायचा नाही. मी म्हटलं, नोकरी गेली तर जाऊ दे, चुडा निघणार नाही. मागे रांग खोळंबलेली, बायका तोंडाला पदर लावून हसतायत आणि मी रडकुंडीला आलेली. नाना उठले, आत गेले आणि चिंध्यांच्या ढिगातून कापडाच्या दोन लांब पट्ट्या घेऊन आले. म्हणाले, "काढू नको, बाय. बांध." दोन्ही हातांना पट्ट्या गुंडाळून मी वर्षभर काम केलं. एक धागा ओढला गेला नाही. पुढे खात्यात जी जी नवी नवरी आली तिने हेच केलं.

नानांच्या शिस्तीचे किस्से आमच्याकडे पोत्याने आहेत, पण एकच सांगते. त्यांचा सख्खा मेहुणा प्रिंटिंग खात्यात होता. गणपतीच्या दुसऱ्या दिवशी तो उशिरा आला आणि खिडकीशी येऊन नानांकडे बघून गोड हसला. नानांनी ओळखच दाखवली नाही. अर्ध्या दिवसाची हजेरी कापली. माहेरच्या माणसाचा अपमान झाला म्हणून संध्याकाळी काकींनी, म्हणजे नानांच्या पत्नींनी, पान वाढलं नाही. नाना शेजारी जाऊन जेवून आले. मेहुणेबुवांनी मग वर्षभर उशीर केला नाही, आणि काकी मात्र आठवडाभर बोलल्या नाहीत, असं काकीच सांगतात.

नाना आगरी. कारखाने यायच्या आधी त्या सगळ्या जागेत त्यांच्या गावाची भातशेती होती, खाडीकडे मिठागरं होती. पुढे जमिनींना भाव आला. भाऊबंदांचे बंगले झाले, दारात मोठ्या गाड्या लागल्या, गळ्यात साखळ्या आल्या. नानांच्या वाट्यालाही काही कमी आलं नव्हतं. तरी ते खडखडणाऱ्या जुन्या स्कूटरवरून फर्स्ट शिफ्टला हजर. मी एकदा न राहवून विचारलं, "नाना, तुम्हाला हवीय कशाला ही नोकरी?" तर म्हणाले, "ज्याला रोजच सुट्टी, त्याला रविवार कसा कळणार?" त्यांच्या बोलण्यात फुशारकी नव्हती. त्यांना खरोखरच कारखाना आवडायचा. भोंगा वाजला की ते घड्याळ काढून भोंग्याचीही वेळ तपासायचे.

तो कारखाना एका दिवसात बंद पडला नाही. बाहेरच्या देशांतून तयार रंगवलेलं कापड बंदरात उतरायला लागलं, आणि ते आमच्या नुसत्या रंगाईच्या खर्चातही स्वस्त पडायला लागलं. भिवंडीचे माग थंडावले, तसं आमच्याकडे येणारं कोरं कापडही आटलं. आधी थर्ड शिफ्ट गेली, मग सेकंड. मालकांना शिव्या देण्यात अर्थ नव्हता, त्यांचंही धाबं दणाणलेलं होतं. दिवाळीनंतर एका सकाळी गेटला कुलूप दिसलं आणि कुलपाशेजारी नोटीस. नाना टाइम ऑफिसमधली खुर्ची बाहेर काढून गेटसमोर बसले होते. येईल त्याला नोटीस वाचून दाखवत होते. ज्याला वाचता येत होतं त्यालाही. मी म्हटलं, "नाना, मी बारावी झालेली आहे." म्हणाले, "माहीत हाय. पण असलं काही माणसानं एकट्यानं वाचू नये. बस." मी बसले. त्यांनी मला सगळी नोटीस पहिल्यापासून वाचून दाखवली.

काही महिन्यांनी सरकारची योजना आली. परदेशी मालाच्या स्पर्धेत ज्यांची नोकरी गेली त्या कापड कामगारांना नवं काम शिकवायचं, आणि शिकेपर्यंत चूल पेटती राहावी म्हणून दरमहा काही मदत द्यायची. अट अशी की माणूस दुसरीकडे नोकरीला नसावा, आणि ते पाहायला ठाण्याच्या कार्यालयातून निरीक्षक घरी येणार. नानांनी गावदेवीच्या देवळात सगळ्यांना बोलावलं. मला वाटलं, लोक आनंदाने नाचतील. कसलं काय! सगळे खाली माना घालून बसलेले. शेवटी दत्ता कदम उठला. दत्ता स्टेंटरवर होता. ओलं कापड दोन्ही कडांनी ताणून गरम हवेत सुकवायचं ते भलंमोठं मशीन. त्याच्या हातून कापडाची कड कधी वाकडी गेली नाही, हे मी चेकिंगवाली म्हणून सांगते. दत्ता म्हणाला, "नाना, आयुष्यभर घामाचं खाल्लं. आता सरकारच्या दारात वाडगं घेऊन उभा राहू?"

नाना म्हणाले, "पहिला अर्ज माझा."

बंगलेवाल्या गायकरांच्या घरातला माणूस सरकारी मदत मागणार, ही बातमी दुपारपर्यंत गावभर झाली. त्याच आठवड्यात त्यांच्या पुतण्याची हळद होती. आगरी हळद ज्यांनी पाहिली आहे त्यांना सांगायला नको. मांडवात सगळं गाव, मटणाचे टोप आणि छातीत धडधडणारा डीजे. आम्हा कारखान्यातल्यांनाही आमंत्रण होतं. नानांचे चुलत भाऊ माईक घेऊन उभे राहिले आणि म्हणाले, "आपल्या सरकारी पाहुण्यांना, नानांना, दोन वाट्या जास्त वाढा रे! सरकारचं रेशन पुरत नाय!" मांडव खो खो हसला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. नाना शांतपणे उठले, भावाच्या हातातून माईक घेतला.

"हसा, हसा. पण मना एक सांगा. बाहेरचं कापड हितं आलं, ते काय उडत आलं? त्याला दार उघडलं सरकारनी. सगळ्यांना स्वस्तात मिळालं, बरं झालं. तुमच्या अंगावर पण आज तेच हाय. पण त्या दारात जो चेंगरला, त्याला उठवायचं काम कुणाचं? हे दान नाय. आणि मना लाज वाटत नाय."

मांडव स्तब्ध झाला वगैरे काही नाही. डीजेवाल्याने लगेच गाणं लावलं आणि पोरं नाचायला लागली. काकी मात्र बायकांतून उठून नानांच्या पानाशी येऊन बसल्या आणि स्वतःच्या हाताने त्यांना वाढायला लागल्या, दोन वाट्या जास्त. दुसऱ्या दिवशी दत्ताने अर्ज भरला. मग मी भरला, मग सगळ्यांनीच.

निरीक्षक येऊन घरं पाहून गेले. निकाल आला तेव्हा आमच्यातल्या बहुतेकांचे अर्ज नामंजूर. कारण काय, तर अर्जदार नोकरीत आहे! नाना उखडले. स्कूटर न काढता तडक ठाणं गाठलं. निरीक्षक सरळ माणूस होते. त्यांनी नानांना बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाले, "गायकर साहेब, मी घरोघर गेलो. जिथे गेलो तिथे एकच उत्तर. ते फर्स्ट शिफ्टला गेलेत. कुठल्या कंपनीत विचारलं, तर एमआयडीसीत. माझ्या पदरचं मी काय लिहिलं, सांगा."

आता हे बाहेरच्या माणसाला कसं कळणार? कारखाना बंद झाल्याचं आमच्यातले बहुतेक जण घरी, शेजारी बोललेच नव्हते. माणसं रोज सकाळी तोच निळा गणवेश चढवून, डबा घेऊन वेळेवर बाहेर पडत. कुणी कल्याणच्या काळ्या तलावावर जाऊन बसे, कुणी वाचनालयात, कुणी मिळेल त्या देवळात. शिफ्ट सुटायच्या वेळेला घरी परत. कुणाच्या मुलीचं ठरत होतं, कुणाचं गावाकडे नाव होतं, कुणाला सोसायटीत मान होता. मी स्वतः मंडईत मैत्रिणीच्या गाळ्यावर मटार सोलत बसायचे. निरीक्षक आमच्या दारात आले तेव्हा सासूबाईंनी मान ताठ करून सांगितलं, "आमची सून कमावती आहे हो!" आणि वर त्यांना रव्याचा लाडू खायला घातला.

कार्यालयातून बाहेर पडून नाना परतीच्या गाडीसाठी खोपटच्या एसटी डेपोत आले. तिथे बाकावर निळ्या गणवेशात दत्ता. मांडीवर डबा. गाड्या लागतायत, सुटतायत, हा आपला बसून. पुढचं मला दोघांनीही सांगितलंय. फरक एवढाच की दत्ता म्हणतो नाना रडले, आणि नाना म्हणतात दत्ता रडला.

"काय रे, कुठली गाडी?"

"कुठलीच नाही, नाना."

नाना त्याच्या शेजारी बसले. "डब्यात काय हाय?"

"भेंडी."

"उघड."

दोघांनी पोळी अर्धी अर्धी केली. खाता खाता नाना म्हणाले, "घरी माहीत हाय?"

"नाही. आणि कळू द्यायचं नाही. मंगल काय म्हणेल? पोरीला बघायला येतायत, नाना. बाप बेकार म्हटलं तर पोहे खायलाही थांबायचे नाहीत. माझा अर्ज गेला तर जाऊ दे."

"अर्ज गेला तर शिकणं गेलं, आणि पुढचं काम गेलं. किती दिस बसशील हितं?"

दत्ताने डब्याचं झाकण लावलं.

नाना तिथून थेट आमच्याकडे आले. चहात चार चमचे साखर घातली. मधुमेह आहे, कुणाचं ऐकत नाहीत, हा दोष नंबर एक. मी तावातावाने म्हटलं, "सगळ्यांना एकत्र करा आणि दम भरा. घरी जाऊन खरं सांगा म्हणावं. खोटी इभ्रत काय चाटायचीय?" नाना म्हणाले, "तू काढला होतास चुडा? नाय ना? मग त्यांना कशाला काढायला सांगतेस?" आणि बशीतला चहा संपवून उठले. मला तेव्हा काही उमगलं नाही. नाना अर्धं बोलून उठून जातात, हा दोष नंबर दोन.

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा निरीक्षकांसमोर हजर. "साहेब, आमच्या बायका खोटं नाय बोलल्या. माणसं रोज फर्स्ट शिफ्टलाच जातात. फक्त शिफ्ट नाय. ती कुठं जातात ते बघायला तुम्ही घरी येऊ नका, गेटवर या." निरीक्षक आधी नाही म्हणाले, मग नाना उठेनात म्हणून हो म्हणाले.

ठरल्या सकाळी फर्स्ट शिफ्टच्या वेळेला आम्ही सगळे गेटवर जमलो. रोजच्यासारखे घरून निघालो होतो. निळा गणवेश, हातात डबा. कुणाला घरी एक शब्द वेगळा सांगावा लागला नव्हता. गेटचं कुलूप गंजलेलं, आत गवत माजलेलं, टाइम ऑफिसच्या भिंतीतून पिंपळ फुटलेला. नानांनी गेटसमोर आपली खुर्ची मांडली, चष्मा लावला आणि एकेकाला नावाने हाक मारायला सुरुवात केली. माणसं पुढे येत, जुना बिल्ला नंबर सांगत आणि कुलूप लावलेल्या गेटसमोर रांगेत उभी राहत. कुणी हसत नव्हतं. निरीक्षक आले आणि हे सगळं बघत उभेच राहिले.

थोड्या वेळाने ते नानांजवळ आले. "मला पटलं. पण माझ्याकडे घरच्यांचा जबाब आहे. तो मी खोडू शकत नाही. घरच्यांनीच बदलला पाहिजे." आणि समोरच्या चहाच्या टपरीवरच्या बाकावर जाऊन बसले. "मी इथे बसतो. कुणी आलं तर लिहून घेईन."

कोण येणार? कुणाच्या घरी माहीत होतं? मला वाटलं, संपलं. नाना मात्र खुर्चीतून हलले नाहीत. त्यांनी पुढचं नाव पुकारलं. "दत्ता कदम." उत्तर नाही. दत्ता आलाच नव्हता. नानांनी पुन्हा पुकारलं, आणि तेव्हा कोपऱ्यावरून दत्ता धावत आला, रिकाम्या हातांनी, डब्याशिवाय. येऊ की नको या विचारात तो अर्ध्या वाटेतून दोनदा मागे फिरला होता, असं त्याने नंतर सांगितलं.

"उशीर," नाना म्हणाले.

दत्ता काही बोलणार, इतक्यात मागे रिक्षा थांबली. मंगलवहिनी उतरल्या, हातात दत्ताचा डबा.

"तू इथे कशी?"

"डबा विसरलात, म्हणून मागोमाग निघाले. फर्स्ट शिफ्टला जाता ना? मग डबा घेऊन कंपनीतच येणार ना मी?" त्यांनी डबा त्याच्या हातात दिला आणि टपरीकडे वळल्या. "साहेब, त्या दिवशी तुम्हाला मीच सांगितलं की हे कामाला गेलेत. खोटं सांगितलं. कंपनी बंद आहे. लिहून घ्या."

"तुला कुणी सांगितलं?" दत्ताने विचारलं.

"कुणी कशाला सांगायला हवं? गणवेश कोण धुतं? लग्न झाल्यापासून बघतेय, बादलीत भिजत टाकला की पाण्याला रंग. निळा, तांबडा, हिरवा. दिवाळीनंतर पाणी स्वच्छ यायला लागलं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही डबा नेत होतात. म्हटलं, तेवढं तरी असू दे तुमच्याजवळ."

दत्ता खाली बघत म्हणाला, "आणि पोरीचं?"

"तिलाही माहीत आहे. बादली तीसुद्धा ओतते."

रांगेतून कुणाचं तरी हसू फुटलं आणि मग सगळेच हसलो, आणि हसता हसता मी हुंदके देऊन रडले. लपवत नाही. दत्ता तिथेच गेटसमोर उभ्याने डबा उघडून खायला लागला, काय करावं ते न सुचून. निरीक्षकांनी चष्मा पुसला आणि मंगलवहिनींचा जबाब लिहून घेतला. नाना तेवढ्यातही दत्ताकडे बघून म्हणाले, "तरी उशीर तो उशीर."

त्यानंतर आठवडाभर नाना रोज सकाळी खुर्ची घेऊन गेटसमोर बसले आणि मंगलवहिनींचं ऐकून घराघरांतून बायका, म्हातारेकोतारे येत राहिले. निम्म्या घरांत सगळ्यांना सगळं माहीत होतं, आणि जो तो दुसऱ्याला जपण्यासाठी गप्प होता! माझ्या सासूबाईसुद्धा काठी टेकत आल्या. निरीक्षकांना म्हणाल्या, "सून कमावती आहे हे खरंच आहे. फक्त सध्या कारखाना नाही." आणि आधी विचारलं, लाडू कसा झाला होता. बहुतेकांचे अर्ज मंजूर झाले.

दत्ताच्या मुलीचं ते स्थळ मात्र मोडलं. गौरवग्रंथ आहे म्हणून खोटं कशाला लिहू? दुसरं स्थळ आलं तेव्हा नाना घरचे वडीलधारे म्हणून बैठकीला गेले आणि पाहुण्यांनी काही विचारायच्या आत म्हणाले, "मुलीचा बाप आणि मी सध्या एकाच शाळेत जातो. शिवणाच्या. तो हुशार हाय, मी ढ." पाहुणे हसले, आणि पोहे खायला थांबले. पोरीचा संसार आज बदलापूरला सुखाने चाललाय.

शिवणाच्या शाळेचंही सांगायला हवं. सरकारने आम्हाला आधी मोबाईल दुरुस्ती शिकवायचं ठरवलं होतं. पन्नाशीची माणसं, ज्यांना चष्म्याशिवाय मोबाईलचा नंबर दिसत नाही, ती त्यातले स्क्रू शोधणार! नाना ठाण्याला खेपा घालत राहिले. त्यांचं म्हणणं एकच: "घोडबंदर रोडला बघा किती टॉवर उठलेत. तेवढ्या खिडक्यांना पडदे नकोत? आमचा हात कापडावर बसलाय, तेच शिकवा." शेवटी पडद्यांचं शिवण मंजूर झालं आणि नानांनी स्वतः पहिल्या बाकावरच्या मशीनवर बसून ते शिकून घेतलं. त्यांची शिलाई आजही उल्हास नदीसारखी वळणं घेत जाते. शिकून झाल्यावर आम्ही सगळ्यांनी मिळून पडदे शिवायची संस्था काढली, तिथे त्यांना आम्ही फक्त गिऱ्हाइकांशी बोलायला ठेवलंय. हा दोष नंबर तीन. त्यांना मिळालेल्या मदतीचं त्यांनी काय केलं, हे लिहायला मला बंदी आहे. संस्थेतलं पहिलं शिलाई मशीन कुणी दिलं ते कुठेच लिहिलेलं नाही, एवढंच सांगते.

आज आमच्या संस्थेचे पडदे त्या टॉवरांतून लटकतात. मापं घ्यायला आणि पडदे बसवायला दत्ता जातो. कड सरळ असावी तर त्याचीच. गिऱ्हाइकं कापड देतात ते बरेचदा बाहेरच्या देशातलंच. पहिल्यांदा तसा तागा आला तेव्हा दत्ताने तो टेबलावर आपटला होता. नानांनी तो उचलला, झटकला, पुन्हा त्याच्यासमोर ठेवला. म्हणाले, "कापडाशी भांडण नाय आपलं. कात्री घे." दत्ताने कात्री घेतली.

ज्यांच्याशी भांडण आहे ते अजून मिटलेलं नाही, आणि या लेखात मला खरं तर तेच सांगायचंय. आमच्या कारखान्यात आमच्याबरोबर कंत्राटी माणसंही होती. तागे वाहणारी, रंगाची पिंपं धुणारी. कंपनीच्या कुठल्याच कागदावर त्यांचं नाव नव्हतं, म्हणून योजनेतही नाही. ती आमच्याइतकीच रस्त्यावर आली, आणि त्यांना आजवर काहीही मिळालेलं नाही. कार्यालय म्हणतं, पुरावा आणा. नाना म्हणतात, "मी हाय ना पुरावा. रोज सकाळी मीच त्यांना गेटातून आत सोडलंय. तोंड ओळखतो एकेकाचं." सुरुवातीला सगळे हसले. नाना इतक्या वेळा जाऊन हेच सांगत राहिले की शेवटी कार्यालयाने मान्य केलं: टाइमकीपरने समोर बसून, माणूस ओळखून, जबाब द्यायचा. सत्कार समारंभ रविवारी आहे. जबाब सोमवारपासून आहेत, त्याच गेटवर, फर्स्ट शिफ्टच्या वेळेला. आतल्या शेड पाडल्यात, पण गेट अजून आहे. माणसं पुष्कळ आहेत. कुणी उत्तर प्रदेशात परत गेलंय, कुणी भिवंडीत गोदामात आहे, निरोप मिळेल तसतशी ती येणार. हे काम पुरं व्हायला किती वर्षं लागतील, कोण जाणे.

म्हणून नाना, तुम्हाला दीर्घायुष्य चिंतायचं ते मी शिष्टाचार म्हणून चिंतत नाही. त्या माणसांनी इथे काम केलं होतं, याला कार्यालय मानेल असा अख्ख्या जगात तुमच्याशिवाय साक्षीदार नाही. शेवटचा माणूस ओळखून होईपर्यंत तुमचे डोळे शाबूत राहायला हवेत, गुडघे धड राहायला हवेत, आणि त्यासाठी ती चार चमचे साखर आजपासून बंद. तोपर्यंत तुमची रजा नामंजूर आहे, आणि काकींनीही त्यावर सही केलीय. रविवारचे हार-तुरे झाले की लवकर झोपा. सोमवारी सकाळी गेटसमोर तुमची खुर्ची मी स्वतः पुसून मांडून ठेवते. वेळेवर या. उशीर तो उशीर.